तीन शून्यांची पायरी

पावसाळ्यातला कुठलाही एक दिवस घ्या. मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत कास्तकार फवारणीचा पंप भरतो आहे. औषधाच्या बाटलीवर प्रमाण मिलीमध्ये लिहिलंय आणि पंप आहे १५ लिटरचा. मोबाइलवर बातमी येते की रात्री मंडळात ४० मिलिमीटर पाऊस झाला. दुसरी बातमी अशी की सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले, विसर्ग अमुक घनमीटर प्रतिसेकंद. तिसरीत धरणाचा साठा दलघमीत दिलेला. गोठ्यातल्या गायीला गुरांच्या डॉक्टरांनी ‘दहा सीसी’ टोचलंय, आणि अमरावतीला शिकणाऱ्या मुलीच्या घरमालकाला आलेलं नळाचं बिल हजार लिटरच्या हिशेबाने.

ही सगळी मापं घनफळाची किंवा घनफळाशी नातं सांगणारी. तरीही यातलं एक दुसऱ्यात बदलायचं म्हटलं की चांगली शिकलेली माणसं अडखळतात. एका घनमीटरमध्ये किती घनसेंटिमीटर, असं कुणालाही विचारून पाहा. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून उत्तर बहुतेक वेळा १०० येतं. खरं उत्तर १० लाख आहे. चूक दहा हजार पटींची आहे आणि ती गणित कच्चं असल्यामुळे होत नाही. लांबीचा नियम आपण घनफळाला लावतो, म्हणून होते.

बाजू दहापट, पोट हजारपट

एक सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद, एक सेंटिमीटर उंच असा चिमुकला ठोकळा डोळ्यांसमोर आणा. बोटाच्या पेराएवढा. त्यात जेवढं पाणी मावेल ते एक घनसेंटिमीटर. त्यालाच डॉक्टर आणि मोटारसायकलवाले ‘सीसी’ म्हणतात आणि बाटलीवर तेच ‘मिली’ म्हणून छापलेलं असतं. १०० सीसीच्या गाडीच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या एका फेरीत जेवढी जागा मोकळी करतो ती १०० मिली, म्हणजे अर्ध्या पेल्याएवढी.

आता १० सेंटिमीटर बाजूची पेटी घेऊन ती या ठोकळ्यांनी भरायची. तळाशी एका रांगेत १० ठोकळे बसले. अशा १० रांगा झाल्या की एक थर पुरा झाला, त्यात १०० ठोकळे. पण पेटी अजून रिकामीच आहे, भरला तो फक्त तळ. असे १० थर रचल्यावर ती काठोकाठ भरेल आणि ठोकळे होतील १०००. ही पेटी म्हणजे एक लिटर.

सगळं मर्म इथेच आहे. बाजू दहापट झाली की लांबी दहापट, रुंदी दहापट, उंचीही दहापट होते आणि तिघांचा गुणाकार हजारपट होतो. लांबीचं एक शून्य घनफळात तीन शून्यं होऊन येतं. मीटर हा सेंटिमीटरच्या दोन शून्यं पुढे, म्हणून घनमीटर हा घनसेंटिमीटरच्या सहा शून्यं पुढे. दहा लाख आले ते इथून.

मग पायऱ्या चढत जायचं. १ मीटर बाजूच्या ठोकळ्यात १००० लिटर मावतात, म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच एक किलोलिटर. नळाच्या मीटरवर काळे आकडे सरकतात ते याच ठोकळ्याचे, लाल आकडे त्याहून लहान भागाचे. घराच्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी आकाराने गोल असली, तरी पोटाने ती हाच ठोकळा.

१० मीटर बाजूचा ठोकळा, म्हणजे तीन मजली घराएवढा उंच आणि तेवढाच लांब-रुंद. त्यात १००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. लघुसिंचनाच्या कागदांत याला सघमी म्हणतात, सहस्र घनमीटर. जलयुक्त शिवारच्या अहवालांत तोच टीसीएम होऊन येतो. शहराच्या पाणीपुरवठ्यात ज्याला एमएलडी म्हणतात, तो रोज एक असा ठोकळा.

१०० मीटर बाजूच्या ठोकळ्यात १० लाख घनमीटर बसतात. हाच दलघमी, दशलक्ष घनमीटर, धरणांचं माप. लिटरमध्ये १०० कोटी. दहा हजार लिटरच्या टँकरने वाहायचं तर एक लाख फेऱ्या. जमिनीवर पसरायचं ठरवलं तर १०० हेक्टरवर एक मीटर उंच पाणी उभं राहील. मला हे शेवटचं चित्र सगळ्यांत उपयोगाचं वाटतं, कारण वावर हेक्टरमध्ये असतं आणि पाण्याची उंची डोळ्यांना दिसते.

┌─────────────────────────
चौकट: ठोकळ्याची बाजू आणि त्याचं पोट

१ सेंटिमीटर : १ मिली (सीसी)
१० सेंटिमीटर : १ लिटर
१ मीटर : १ घनमीटर = १ किलोलिटर = १००० लिटर
१० मीटर : १ सघमी (टीसीएम) = १० लाख लिटर
१०० मीटर : १ दलघमी = १०० कोटी लिटर
१ किलोमीटर : १ अब्ज घनमीटर = १ लाख कोटी लिटर

मोठ्या मापाकडून लहानाकडे उतरताना दर पायरीला आकडा हजारने गुणायचा, लहानाकडून मोठ्याकडे चढताना हजारने भागायचा.
└─────────────────────────

या पायऱ्यांच्या अधेमधेही काही मापं बसतात, आणि त्यातलं एक सगळ्यांच्या घरात येऊन गेलेलं आहे. रक्त तपासणीच्या कागदावरचं ‘डेसिलिटर’ म्हणजे लिटरचा दहावा भाग, १०० मिली. हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रतिडेसिलिटर असेल तर १०० मिली रक्तात ते १२ ग्रॅम आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, म्हणजे ५० डेसिलिटर, म्हणून एकूण हिमोग्लोबिन ६०० ग्रॅमच्या आसपास. रक्तातली साखर १०० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर असेल तर सगळ्या रक्तात मिळून ती जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. एवढ्याशा साखरेवर सगळं शरीर चालतं.

लिटर आणि किलो यांची जुनी गाठ

लिटर म्हणजे १० सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याएवढी जागा, हे फ्रान्सने १७९५ मध्ये कायद्याने ठरवलं. किलोचं वजनही त्या ठोकळ्यातल्या पाण्यावरूनच बेतलं होतं. पुढे धातूचा प्रमाण-किलो तयार झाला आणि १९०१ मध्ये तज्ज्ञांनी व्याख्या फिरवली: एक किलो शुद्ध पाणी सर्वांत दाट असताना जेवढी जागा व्यापतं, तो लिटर. मोजमाप अधिक बारकाईने झालं तेव्हा कळलं की हा लिटर ठोकळ्यापेक्षा दहा लाखांत २८ भागांनी मोठा आहे. हजार लिटरला २८ मिली, औषधाच्या दोन मोठ्या चमच्यांएवढा फरक. स्वयंपाकघरात तो कुणाला जाणवणार नाही. पण भरलेल्या अप्पर वर्धा धरणाच्या हिशेबात धरला तर तो दीड कोटी लिटरच्या वर जातो. १९६४ मध्ये ही व्याख्या रद्द झाली आणि लिटर पुन्हा साध्या ठोकळ्यावर आला.

आपल्याकडे १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं वापरात येऊ लागली. त्याआधी वऱ्हाडात धान्य पायलीने मोजलं जाई, आणि पायली गावागणिक लहानमोठी असे. पायली हे मुळात घनफळाचं माप. ज्वारीची पायली आणि तुरीची पायली वजनाला सारखी भरत नाही.

हाच गोंधळ आज तेलाच्या डब्यात सापडतो. पाण्याचा एक लिटर एक किलोचा, म्हणून सगळ्याच पातळ पदार्थांचा तसा असेल असं मन धरून चालतं. खाद्यतेल पाण्याहून हलकं आहे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पिशवीवर तसं छापलेलंही असतं. मग १५ लिटरच्या डब्यात तेल आलं १३ किलो ६५० ग्रॅम, आणि १५ किलोच्या डब्यात आलं साडेसोळा लिटरच्या जवळपास. दोन्ही डबे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले, अंगाने जवळपास सारखे दिसणारे. किमतीतला फरक बघण्याआधी डब्यावर किलो लिहिलंय की लिटर, ते बघावं. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे एका लिटरचं वजन तापमानाप्रमाणे थोडं बदलतं. काही कंपन्या लिटरच्या आकड्यासोबत तापमान छापत. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यांना सांगितलं की तापमान न लिहिता माल भरा आणि वजनही बरोबर छापा. दुधाचं उलटं आहे, ते पाण्याहून किंचित जड. एक लिटर दूध १ किलो ३० ग्रॅमच्या आसपास जातं.

पंपाले किती टाकू?

कृषी केंद्रावरचा हा संवाद हंगामात दिवसभर चालतो.

“भाऊ, पंपाले किती टाकू?”

“वीस मिली टाका.”

“म्हंजे टोपनानं किती?”

“दोन टोपनं.”

या चार वाक्यांत दोन मापं घसरली. बाटलीवर बहुधा ‘१० लिटर पाण्याला २० मिली’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ लिटरला २ मिली. पंप १५ लिटरचा असेल तर त्यात ३० मिली जायला हवं, आणि २०० लिटरच्या ड्रममध्ये द्रावण करायचं तर ४०० मिली. १५ लिटरच्या पंपात २० मिलीच टाकलं तर औषध तिसऱ्या भागाने कमी पडतं, कीड मरत नाही, आणि मग पुढच्या वेळी डोळे मिटून दुप्पट ओतलं जातं. दुसरी घसरण टोपणाची. एका बाटलीचं टोपण ५ मिलीचं, दुसऱ्याचं १५ मिलीचं. टोपण हे झाकण आहे, माप नाही. मिलीच्या खुणा असलेला पेला त्यासाठीच मिळतो, तो वापरावा आणि घरातल्या भांड्यांत कधी मिसळू देऊ नये.

अजून एक पायरी आहे आणि ती जास्त नाजूक आहे. पाठीवरच्या साध्या पंपाने एकराला २०० लिटर पाणी लागत असेल, तर पेट्रोलवरच्या पॉवर पंपाने त्याच्या तिसऱ्या भागात काम होतं, कारण तो थेंब फार बारीक करतो. एकराला लागणारं औषध मात्र तेवढंच राहतं. म्हणूनच पॉवर पंपासाठी लिटरमागचं प्रमाण तिप्पट सांगितलेलं असतं. मिली प्रतिलिटर हा आकडा पंपाप्रमाणे बदलतो, मिली प्रतिएकर बदलत नाही. ज्याने हे समजून घेतलं नाही, तो पॉवर पंपाचं तिप्पट द्रावण साध्या पंपात भरतो आणि एकरात तिप्पट विष ओततो, ते अंगावरही घेतो. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागची कारणं अनेक होती आणि नुसता हिशेब शिकून ती सगळी सुटणार नाहीत. पण औषधाचं माप ज्याच्या हातात आहे, त्याला ते स्पष्ट करून सांगणं हे विकणाऱ्याचं काम आहे असं मी मानतो.

मिलिमीटरमधला पाऊस लिटरमध्ये

पाऊस लांबीच्या मापात का मोजतात, हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. पाऊस सगळीकडे पसरून पडतो, म्हणून तो किती पडला हे सांगायचं तर किती उंचीचं पाणी साचलं असतं एवढं सांगणं पुरतं. अंगणात सरळ उभ्या भिंतींचा डबा ठेवला, तर तो लहान असो की मोठा, पाण्याची उंची सारखीच येईल. मोठ्या तोंडात जास्त पाणी पडेल, पण ते तेवढ्याच मोठ्या तळावर पसरेल.

उंचीवरून लिटर काढायचे तर क्षेत्राने गुणायचं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे नेमकं एक लिटर. मीटरचा हजारावा भाग गुणिले एक चौरस मीटर, म्हणजे घनमीटरचा हजारावा भाग. इतकं स्वच्छ नातं क्वचित सापडतं, आणि ते एकदा पाठ झालं की पावसाचे सगळे हिशेब तोंडी जमतात. हवामान खात्याचं २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचं पर्जन्यमापक घ्या. त्यात एक मिलिमीटर पाऊस पडला की २० मिली पाणी जमतं. सोबतचा मोजपेला त्याच हिशेबाने आखलेला असतो, मोजणाऱ्याला भागाकार करावा लागत नाही.

एका एकरात ४०४७ चौरस मीटर असतात. म्हणून एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर ४०४७ लिटर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की सरकारी कागदावर अतिवृष्टी ठरते. तेव्हा एकेका एकरावर २ लाख ६३ हजार लिटर पाणी कोसळलेलं असतं. काळ्या चिकण मातीत ते लवकर मुरत नाही, म्हणून सोयाबीन पिवळं पडतं. वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटर धरला तर एकरावर ३० लाख लिटर पडतात. शंभर चौरस मीटरच्या घराच्या छतावर ७५ हजार लिटर, म्हणजे गच्चीवरची हजारी टाकी ७५ वेळा भरेल एवढे.

खारपाणपट्ट्यातला हिशेब

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागातल्या कितीतरी गावांत विहीर खोदली की खारं पाणी लागतं. या पाण्याचा अहवाल येतो मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये. मिलिग्रॅम म्हटलं की माणसाला वाटतं, अगदीच नगण्य.

पायरी चढून बघू. हजार मिलिग्रॅमचा एक ग्रॅम, हजार लिटरचा एक घनमीटर. दोन्ही बाजू एकाच पायरीने चढल्या, म्हणून मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि ग्रॅम प्रतिघनमीटर हा आकडा एकच. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली योग्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. समजा, विहिरीच्या पाण्यात क्षार २००० आहेत. म्हणजे घनमीटरला दोन किलो. या पाण्याने एकरभर हरभऱ्याला ५० मिलिमीटरचं एक ओलीत दिलं, तर पाणी लागलं २०२ घनमीटर, आणि त्यासोबत वावरात गेले ४०० किलोच्या वर क्षार. खताच्या ५० किलोच्या आठ गोण्यांएवढे, एका ओलितात. पाणी उडून जातं आणि पिकाला लागतं, क्षार बरेचसे मातीत राहतात.

या भागातला कास्तकार विहीर असूनही ओलीत का करत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे. पावसाचं गोडं पाणी अडवणं आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचं पाणी नळाने आणणं, या दोन्हींवर त्याचा जीव का टांगलेला असतो तेही इथेच कळतं. वानचा साठा सुमारे ८२ दलघमी आहे, आणि अकोट-तेल्हाऱ्याकडची ८४ खेडी योजना त्यावरच चालते.

शेततळ्याचं पोट

शेततळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. गुणाकार करून अनेक जण सांगतात, २७०० घनमीटर, २७ लाख लिटर. एवढं पाणी त्यात कधीच मावत नाही, कारण तळ्याच्या भिंती सरळ उभ्या नसतात. तशा ठेवल्या तर माती ढासळेल. एक मीटर खाली जाताना दीड मीटर आत, असा उतार ठेवला तर तीन मीटर खोलीवर प्रत्येक बाजू साडेचार मीटर आत सरकते. ३० मीटरचा काठ तळाशी २१ मीटरचा होतो.

मग घनफळ काढायचं कसं? वरचं क्षेत्र ९०० चौरस मीटर, तळाचं ४४१. दोन्हींची सरासरी काढून खोलीने गुणलं तर २०११ येतात, तेही थोडे जास्तच. बरोबर रीत अशी: मधल्या उंचीवरचं क्षेत्रही काढा. तिथे बाजू साडेपंचवीस मीटर, क्षेत्र ६५०.२५. या मधल्या क्षेत्राला चारने गुणा, त्यात वरचं आणि तळाचं मिळवा, एकूण झाले ३९४२. त्याला सहाने भागा, ६५७ आले. खोलीने गुणा, १९७१ घनमीटर. म्हणजे १९ लाख ७१ हजार लिटर. उभ्या भिंतींच्या हिशेबापेक्षा सव्वासात लाख लिटर कमी, आणि बागेचं नियोजन करताना हा फरक फार मोठा आहे.

एक एकर संत्रा, सहा मीटरवर लावलेला, म्हणजे सुमारे ११० झाडं. ठिबकने झाडाला दिवसाला १०० लिटर द्यायचे ठरवले तर रोज ११ हजार लिटर, ११ घनमीटर. १९७१ ला ११ ने भागलं की १७९ दिवस येतात. सहा महिने निघाले असं वाटतं. पण उन्हाळ्यात पाणी उडतं. दिवसाला १० मिलिमीटर उडतं असं धरलं, तर ९०० चौरस मीटरच्या भरल्या तळ्यातून रोज ९ हजार लिटर आभाळात जातात. झाडांना ११ हजार, उन्हाला ९ हजार! तळाशी प्लास्टिक अंथरलं तर झिरपणं थांबतं, उडणं थांबत नाही. पातळी खाली गेली की पाण्याचं तोंड अरुंद होतं आणि उडणंही कमी होतं, तरी सहा महिन्यांचं पाणी साडेतीन-चार महिन्यांतच संपतं. म्हणून तेवढ्याच घनफळासाठी पसरट तळ्यापेक्षा खोल तळं बरं, जमिनीत खडक लवकर लागत नसेल तर.

टीसीएम आणि टीएमसी

दोन अक्षरांची अदलाबदल आणि अर्थात अठ्ठावीस हजार पटींचा फरक. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, आपला १० मीटर बाजूचा ठोकळा. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे माप दशमान नाही, फुटाचं आहे. एक फूट ३०.४८ सेंटिमीटरचा, म्हणून घनफुटात २८.३ लिटर बसतात, आणि एका टीएमसीत २८.३ दलघमी. इथे शून्यांची पायरी चालत नाही, सरळ गुणाकार करावा लागतो. पश्चिम महाराष्ट्राच्या बातम्या टीएमसीत येतात, विदर्भाच्या दलघमीत, आणि वाचक दोन्हींची तुलना करायला जातो.

जलयुक्त शिवारमध्ये एखाद्या गावाने ५०० मीटर लांबीचा नाला १० मीटर रुंद आणि २ मीटर खोल केला, तर साठा झाला १० हजार घनमीटर, १० टीसीएम, एक कोटी लिटर. गावाने अभिमानाने सांगावं असंच काम आहे. पण फलकावर ते चुकून ‘१० टीएमसी’ लिहिलं गेलं, तर अर्थ होतो २८३ दलघमी. अप्पर वर्धाचा उपयुक्त साठा आहे ५६४.०५ दलघमी, त्याच्या निम्मा! एका नाल्यात.

त्याच भागाकाराने अप्पर वर्धा सुमारे २० टीएमसीचं आणि अकोल्याला पाणी देणारं महानचं काटेपूर्णा ३ टीएमसीचं ठरतं. कोयना १०५ टीएमसी, म्हणजे २९८० दलघमीच्या आसपास.

काटेपूर्णाचा उपयुक्त साठा ८६.३५ दलघमी. अकोला शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाचार लाख होती. माणशी रोज १३५ लिटर या प्रमाणाने दिवसाला ५ कोटी ७४ लाख लिटर, म्हणजे ५७ एमएलडी. वर्षाचे झाले २१ दलघमी. कागदावर हे धरण शहराला चार वर्षं पुरायला हवं. प्रत्यक्षात त्यातून शेतीला, खेड्यांच्या योजनांना आणि उद्योगांना पाणी जातं, जलवाहिनीत गळतं, आणि पसरलेल्या पाण्याच्या दर चौरस किलोमीटरमागे १० मिलिमीटरच्या हिशेबाने रोज एक कोटी लिटर उडतं. दोन-तीन चौरस किलोमीटर एवढंच पाणी उरलं असलं, तरी अर्ध्या शहराच्या रोजच्या पाण्याएवढं ऊन पिऊन जातं.

वाहत्या पाण्याचं माप

दरवाजे उघडले की भाषा बदलते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, हजार लिटर. क्युमेकला ३५.३ ने गुणलं की क्युसेक. एकाच विसर्गाचे दोन आकडे दोन वर्तमानपत्रांत आले की एकात पूर दिसतो आणि दुसऱ्यात नुसता ओढा, म्हणून आकड्याच्या मागचं माप आधी वाचावं.

वेगावरून साठा काढायचा तर सेकंदांनी गुणायचं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. एक क्युमेक दिवसभर वाहिला तर ८६,४०० घनमीटर, म्हणजे ८६.४ टीसीएम. अप्पर वर्धाच्या १३ दरवाजांतून मिळून हजार क्युमेक विसर्ग चोवीस तास चालू राहिला, तर ८६.४ दलघमी पाणी खाली गेलं. काटेपूर्णाचा उपयुक्त साठा ८६.३५ दलघमी. म्हणजे एका दिवसात एक भरलेलं काटेपूर्णा वर्धा नदीतून पुढे निघून जातं. त्याच वेगाने अप्पर वर्धाचा सगळा उपयुक्त साठा सोडायचा झाला, आणि वरून एक थेंबही आला नाही, तर साडेसहा दिवस लागतील.